झाकायची जागा

संक्रांतीनंतरच्या सोमवारी, प्रार्थना संपल्यावर, माझ्या वर्गातल्या पंधरा वर्षांच्या मुलीने मला सांगितलं, "चाचानं झाकायच्या जागी हात लावला." चाचा म्हणजे आमच्या शाळेच्या गाडीचे चालक. मी तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, पुढे काहीही विचारलं नाही आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. दुपारच्या आत पोलिसांना कळवलं गेलं. त्या संध्याकाळी गाडी दुसऱ्याच माणसाने चालवली.

शाळा धाराशिव शहरात आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची. मी तिथे विशेष शिक्षिका आहे. त्याआधी काही वर्षं एका वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. मुलगी तेरची. आईवडील कामासाठी सोलापूरला असतात, ती आजीजवळ राहते. आजीला ती दादी म्हणते, म्हणून शाळेतही सगळे दादीच म्हणतात. मुलीची उजवी बाजू जन्मापासून कमजोर आहे. पाय घासत चालते, उजव्या हाताची मूठ उघडत नाही. छोटी वाक्यं बोलते आणि एकदा शिकलेला नियम कधी मोडत नाही.

एसटीने तिला येता येत नाही. शाळेची गाडी सकाळी तेरहून निघून ढोकी, येडशी करत शहरात येते आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत जाते. गाडीची पायरी उंच आहे. चाचा खाली उतरून तिच्या डाव्या काखेत हात द्यायचे आणि तिला वर घ्यायचे. एसटीतून निवृत्त झालेला माणूस, तेरचाच, दादीच्या गल्लीतला. ती शाळेत येत होती ती या गाडीमुळे, आणि गाडीत चढत होती ती त्यांच्या हातामुळे. दुसरी सोय नव्हती.

गाडीत मुलांबरोबर एक काळजीवाहक बाई असते. ती येडशीची. सकाळी येडशीला चढायची, संध्याकाळी येडशीलाच उतरायची. येडशी ते तेर गाडीत मोठं माणूस म्हणजे फक्त चालक. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

ज्या तासामुळे हे घडलं तो तास मी आधीच्या जूनमध्ये, शाळा उघडल्यावर सुरू केला होता. वेळापत्रकात त्याला 'स्वतःची काळजी' म्हणतात. दात घासणं, नखं कापणं याच्या पुढचं जे कुणी शिकवत नाही ते त्यात यावं, असं मी सुचवलं होतं. आमच्या मुलींना पाळी येते, मुलांना मिसरूड फुटतं, आणि त्यांना त्याबद्दल घरी कुणी सांगत नाही, कारण घरच्यांच्या लेखी ती कायम लहान असतात. मुलींना मी लाल पाणी शिंपडलेलं पॅड दाखवून ते कधी बदलायचं, कागदात कसं गुंडाळायचं, हे पुन्हा पुन्हा करून घेत असे. मुलांना संडासचं दार लावायला शिकवलं. त्यालाच दीड महिना गेला. मग स्पर्श. आमची मुलं कुणालाही मिठी मारतात. पाहुणे आले की त्यांच्या गळ्यात पडतात, पाहुणे फोटो काढून घेतात आणि मुलांना वाटतं हेच बरोबर आहे. मी त्यांना आधी विचारायला शिकवलं. एक मुलगा इतका पक्का शिकला की महिनाभर दिसेल त्याला विचारत सुटला. गाडीत चढताना त्याने चाचांनाही विचारलं होतं.

"चाचा, हात लावू का?"

"लाव की बाबा. फुकट हाय."

"नको म्हणा की. नको म्हणायचं असतं."

"बरं. नको."

"का नको?" मुलगा रडकुंडीला आला. चाचा गाडीला टेकून हसत होते.

अवयवांच्या नावांचा तास आला तेव्हा मी एक तक्ता केला. मुलगा आणि मुलगी, शेजारी नावं. डोकं, कान, हात, पोट अशी सुरुवात, मग बाकीची. मुख्याध्यापकांनी तो टेबलावर पसरून पाहिला.

"बाई, हे भिंतीवर लावायचंय?"

"वर्गातल्या भिंतीवर, सर."

"वर्गात पालक येतात. संस्थेची माणसं येतात. परवा एक आजोबा पोराला न्यायला आलते, अर्धा तास बसले वर्गात. ते हे वाचत बसले तर?"

"मग पुस्तकातले शब्द घालते."

"पुस्तकातला शब्द एकदा मोठ्यानं म्हणून दाखवा मला."

मी म्हणून दाखवला नाही. ते म्हणाले, "बघा. तुम्हालाच येईना." हे ते खिजवायला म्हणाले नाहीत. चांगले गृहस्थ आहेत. विषय शिकवायला त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती, फक्त भिंतीवर नको, वहीत नको, आणि पोरांनी घरी जाऊन म्हणता कामा नये.

पुस्तकातले शब्द माझ्या मुलांच्या जिभेवर बसत नाहीत. गावातले शब्द शिव्यांत मोडतात. तिसरा शब्द शोधायचं काम मला नवीन नव्हतं. वर्तमानपत्रात असताना रात्रपाळीला गुन्ह्याची बातमी आली की वार्ताहराने लिहिलेला शब्द काढून तिथे घरात मोठ्याने वाचता येईल असा शब्द घालायचा, हे माझं रोजचं काम होतं. तो शब्द असा हवा की कुणी अवघडणार नाही आणि कळायचं ते कळेल. त्या संध्याकाळी मी 'झाकायची जागा' हा शब्द शोधून काढला. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत म्हणून दाखवला. सगळ्यांना लगेच कळला. मुख्याध्यापक म्हणाले, "हे बेस्ट झालं." मलाही तो आवडला होता. मुलांना तो कळतो का, हे मी एकदाही वेगळं विचारून पाहिलं नाही.

तक्ता गेला. त्याच्या जागी पूर्ण कपडे घातलेल्या मुलामुलींची रेखाचित्रं आली. झाकायची जागा आपण कपड्याने झाकतो, ती आपली असते, तिथे घरच्या, बाहेरच्या कुणीही हात लावला तर बाईंना सांगायचं. एवढे तीन नियम मी दोन महिने घोटून घेतले. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी सराव घेतला. मी विचारायचे, "कुणी हात लावला तर?" ज्याने "बाईंना सांगायचं" म्हटलं त्याच्यासाठी वर्गाने टाळ्या वाजवायच्या. त्या मुलीला दोनदा टाळ्या मिळाल्या.

म्हणून सोमवारी तिने सांगितलं तेव्हा तिचा चेहरा हसरा होता. सांगून झाल्यावर ती माझ्याकडे बघत थांबली. आता मला वाटतं, ती टाळ्यांची वाट बघत होती. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की मूल हसत सांगतं की रडत, यावरून काही ठरवायचं नाही. ते बरोबरच आहे. उलटसुलट विचारायचं नाही, शब्द बदलायचे नाहीत, मुलाला वचन द्यायचं नाही, ताबडतोब कळवायचं. मी सगळं नियमाप्रमाणे केलं. "सांगितलंस ते चांगलं केलंस," असं म्हटलं. मुख्याध्यापकांनी त्यांच्या नियमाप्रमाणे केलं. चाचा तेव्हा आवारात गाडी धूत होते. त्यांना आत बोलावलं, किल्ली ठेवून घेतली आणि घरी जायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. ते नियमातच होतं. त्यांना वाटलं गाडीचं काहीतरी निघालं. जाताना ते मला म्हणाले, "ब्रेक परवाच दाखवलेत बाई, ठीक हायेत. सरांना सांगा."

कार्यालयात आमचा लिपिक फाइल लावता लावता म्हणाला, "मी तर आधीच म्हणत होतो. ह्या लोकांचं..." आणि पुढचं बोलला नाही. मी समोर बसून अहवालाची दुसरी प्रत लिहीत होते. मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांना पोलीस ठाण्यात बोलावलं. अटक झाली नाही. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, दोनदा विचारपूस केली आणि संध्याकाळी सोडलं. तोपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की शाळेच्या गाडीवाल्याने एका मुलीला काही केलं. नाव नव्हतं. गाडी एक आणि गाडीवाला एक, नावाची गरज नव्हती. मी तो ग्रुप वाचत होते. चौकशी चालू असताना शाळेतल्या कुणी काही लिहायचं नाही, असं ठरलं होतं. मी लिहिलं नाही.

बुधवारी महिला पोलीस अधिकारी तेरला मुलीच्या घरी गेल्या. साध्या साडीत होत्या. मुलीचं बोलणं समजायला मदत म्हणून मला सोबत नेलं होतं. दादीने बाज टाकली, त्यावर मुलगी बसली. सोलापूरहून तिची आई रात्रीतून आली होती, ती भिंतीला टेकून उभी होती. त्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती असं शेजारणीने मला दारातच सांगितलं.

अधिकारी आधी तिच्याशी कोंबड्यांबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "तू बाईंना काय सांगितलंस, ते मला सांगतीस का?"

"चाचानं झाकायच्या जागी हात लावला."

"कधी?"

"गाडीत. घरी येताना."

"झाकायची जागा म्हंजी कंची? मला दाखव बरं."

मुलीने डावा हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "आणखी कुठं?"

"इथं," मुलगी म्हणाली आणि परत डोक्यावर थोपटलं. "झाकायची जागा."

त्यांनी एकेक करून बाकी सगळं विचारलं. बाहुली दिली, चित्र दिलं, कपड्यावरून, कपड्याखालून, चाचांचं, दुसऱ्या कुणाचंही. मुलगी प्रत्येक वेळी "न्हाय" म्हणाली आणि शेवटी कंटाळली. दादी दाराशी बसली होती. ती म्हणाली, "म्याच बोल्ले होते त्यांना."

"तुम्ही काय बोलला होता?"

"आमच्यात अजान झाली का डोस्क्यावर ओढणी घेतेत बाई. घरात मी वरडत असते हिला, सर झाक, सर झाक. हिचा एक हात चालत न्हाय, दुसऱ्यानं गाडीत दांडी धरून बसते. मगरिबच्या वख्ताला, दिवस बुडताना, गाडी ढोकीत असते. मी बोल्ले, भाईजान, तेवढी सरकवत जावा हिच्या सरावर. पोरीची जात हाय."

"रोज सरकवायचे?"

"रोजच. माझ्याच सांगण्यावरनं."

मुलीच्या आईने तोंडाला पदर लावला. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "बाई, हा शब्द मुलांना कोणी शिकवला?"

"मी."

त्यांनी ते लिहून घेतलं.

गुन्हा दाखल झाला नाही. पुढे बालकल्याण समितीसमोर मुलीने पुन्हा तेच दाखवलं, वैद्यकीय तपासणीत काही आढळलं नाही, आणि चाचांविरुद्ध काही नाही असं शाळेला लेखी कळवण्यात आलं. तिने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. कपड्याने झाकायची जागा तिच्या घरात रोज एकच सांगितली जात होती आणि ती तिने बरोबर ओळखली होती.

शाळेत परतल्यावर मी त्या तासाची चित्रं काढून पाहिली. झाकायची जागा रंगवा, असं मी मुलांना सांगितलं होतं. तिच्या चित्रात कपडे रंगवले होते आणि मुलीचं डोकंही लालेलाल होतं. तेव्हा मी ते पाहिलं होतं. तिचा हात स्थिर नसतो, रंग नेहमी रेषेबाहेर जातो, म्हणून मी खाली 'छान' लिहून पुढच्या चित्राकडे वळले होते.

शाळेने ग्रुपवर खुलासा टाकला. चार ओळींचा होता, मीच लिहिला. 'गैरसमज झाला होता, तो दूर झाला आहे' असं त्यात होतं. गैरसमज कुणामुळे झाला, हे माझ्या मसुद्यात एका वाक्यात होतं. मुख्याध्यापक म्हणाले, त्याची गरज नाही, उगाच शाळेचं नाव. ते वाक्य त्यांनी काढायला सांगितलं आणि मी काढलं. खुलाशाखाली काही पालकांनी नमस्काराची चिन्हं टाकली. पहिल्या मजकुराइतकी माणसं त्यावर बोलली नाहीत.

मुलगी त्या सोमवारनंतर शाळेत आली नाही. नव्या चालकाबरोबर दादी तिला पाठवेना. फोनवर ती मला म्हणाली, "आता कुनाचा भरवसा धरू? ज्याच्यावर धरला त्याचं तुमी असं केलं." मी म्हटलं, चूक झाली. ती म्हणाली, "तुमची चूक झाली, मला म्हाईत हाय. पोरगी घरात बसलीया." तिला दिवसभर उंबऱ्यावर बसवून दादी मजुरीला जायची. चाचा गाडीवर आले तर पोरगी येईल, हे दादी आणि मुलगी दोघींनीही सांगितलं होतं.

मुख्याध्यापक आणि मी तेरला चाचांच्या घरी गेलो तेव्हा उन्हाळा लागला होता. चाचांनी खुर्च्या मांडल्या, स्वतः उभे राहिले. चहा आला. मुख्याध्यापकांनी शाळेच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. चाचा म्हणाले, "त्याचं काय सर, तुमी तुमचं काम केलं. उद्या खरंच कुनी तसं केलं तर? पोरगी बोलली ते बेस झालं."

मी म्हणाले, "चूक माझी होती. शब्द मी दिला होता तिला."

"व्हय, मागनं ठाण्यात परत बोलावलं तवा कळलं मला." ते थोडं हसले. "मी म्हनलं, साहेब, डोस्क्यावर हात तर मी समद्यांच्याच ठेवतो."

"परत याल का? तिची शाळा बंद पडलीय."

ते काही बोलायच्या आत आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "जातेत की. हात तेवढे घरी ठेवून जातेत."

"तू गप."

"काय गप? सांगा की बाईस्नी. नातू पडला परवा अंगणात, उचलला न्हाय तुमी. मला हाक मारली. घरचं लेकरू."

चाचा कपबशी उचलत होते. ते म्हणाले, "गाडी चालवीन, बाई. पोरगी येत आसंल तर येतो जूनपास्नं. पर लेकरांना हात लावनार न्हाय. कुनालाच. चढवनं, उतरवनं दुसऱ्यानं बघायचं. हे सरांनी मान्य करावं."

मुख्याध्यापक म्हणाले, "मान्य, मान्य." ते एवढ्या पटकन म्हणाले कारण आम्हाला दोघांनाही तिथून उठायचं होतं. येडशीच्या काळजीवाहक बाईला तेरपर्यंत पाठवायचं तर तिला परत आणायची सोय नव्हती, आणि तेरची दुसरी बाई ठेवायला संस्थेची मंजुरी नव्हती. यातलं काहीही आम्ही त्या खुर्च्यांवर बसून बोललो नाही. परतताना मुख्याध्यापकांनी गाडीत विचारलं, "मग चढवणार कोण तिला?" मी म्हटलं, "दादी." ते म्हणाले, "आणि उतरवणार?" मी म्हटलं, "दादीच." दादीचं वय सत्तरीच्या आसपास आहे.

मे महिन्यात मी तक्ता पुन्हा केला. या वेळी त्यात खरे शब्द आहेत, मुलांना म्हणता येतील असे, आणि प्रत्येक शब्दाशेजारी ती जागा दिसते असं चित्र आहे. मुख्याध्यापकांनी तो पाहिला आणि भिंतीवर लावायला परवानगी दिली. आधीच्या तक्त्याच्या वेळी मी तो एक शब्द मोठ्याने म्हणून दाखवला असता तर त्यांनी तेव्हाही दिली असती का, हे मला सांगता येणार नाही. मी विचारलेलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. चाचा आले आणि मुलगी आली. पहिल्या दिवशी मी आवारात उभी होते. गाडी थांबली, चाचा उतरून पुढे जाऊन पाठमोरे उभे राहिले. काळजीवाहक बाईने तिला खाली घेतलं. चालताना मुलगी चाचांजवळ थांबली आणि तिने डोकं पुढे केलं. पूर्वी ते रोज तिच्या डोक्यावर टपली मारायचे. त्यांनी हात पाठीमागे बांधलेले होते. ते म्हणाले, "जा बेटा, घंटा झाली."

सकाळी तेरला दादी एक लाकडी पाट आणून पायरीपाशी ठेवायची आणि मुलीला मागून ढकलायची. संध्याकाळी दादी मजुरीवरून वेळेत परतली तर उतरवून घ्यायची. नाही परतली तर चाचा हॉर्न वाजवून शेजारणीला बोलवायचे. हे सगळं मला चाचांनीच सांगितलं. ढोकीत अजान झाली तरी ते मागे बघत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

स्पर्शाचा तास मी नव्या तक्त्यावरून घेतला. मुलांना शब्द आले. दोन मुली हसल्या, मग त्यांनाही आले. त्या मुलीला सगळे अवयव बरोबर दाखवता आले. सरावात मी विचारलं, "आणि कुणी हात लावला तर?"

ती तक्त्याकडे बघत राहिली.

"बाईंना काय करायचं?"

"न्हाय सांगायचं."

"का गं?"

"चाचा जातो."

मी तिला म्हटलं की चाचा आता कुठे जाणार नाहीत, सांगणं चांगलं असतं, ती चुकली नव्हती, बाई चुकल्या होत्या. हे मी चित्रं काढून, बाहुल्या घेऊन, आठवडाभर वेगवेगळ्या पद्धतीने सांगितलं. ती ऐकून घेते, मान डोलावते. प्रश्न विचारला की तेच उत्तर देते. इतर मुलांसमोर मी तो प्रश्न तिला विचारणं सोडून दिलं आहे, कारण दोन मुलं आता तिच्यासारखं उत्तर द्यायला लागली होती.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी तेरला गाडी थांबली तेव्हा दादी आली नव्हती आणि शेजारणीच्या घराला कुलूप होतं. चाचांनी हॉर्न वाजवला. पाट जागेवर नव्हता. मुलगी एकटीच दारातून उतरायला लागली, डावा हात दांडीवर होता, तो सुटला आणि ती पायरीवरून खाली पडली. डाव्या कोपराखाली लोखंड लागून कापलं. ढोकीच्या आरोग्य केंद्रात टाके घातले. तिला तिथे चाचांनीच गाडीने नेलं. गाडीत ठेवायला आणि केंद्रात उचलून न्यायला त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायकांना थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला शाळेत येऊन भेटले. मी विचारलं नव्हतं.

"मी दारापाशीच हुतो, बाई. पडताना दिसली मला."

"मग?"

"हात फुडं आला न्हाय."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. म्हणाले, "सरांना सांगून टाका. परत कुनी दुसऱ्यानं सांगायच्या आधी." मी मुख्याध्यापकांना सांगितलं. अपघाताची नोंद झाली. संध्याकाळी येडशी ते तेर एक बाई सोबत असावी असं पत्र संस्थेला गेलं. त्याचं उत्तर आलेलं नाही.

मी मुलीला तेरला जाऊन भेटले. जखमेबद्दल विचारलं. कशी पडलीस, कोण होतं, दुखलं का. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. म्हणाली, "कुनी न्हाय." दादी म्हणाली, "मलाबी तेवढंच बोलती." मी शाळेचं विचारलं. टाके निघाले की बघू, असं दादी म्हणाली.

टाके मागच्या आठवड्यात निघाले. मुलगी शाळेत आलेली नाही.